तेहतिसावा खण

ता. २ फेब्रुवारी १९५८, कळंब

आज पेठेत आडत्याच्या मुलाची वरात. दुकानाच्या फळ्या लावून बघत उभा राहिलो. दत्तू मास्तरचा बँड. दत्तूला दहा वर्षांनी पाहिलं. पोट सुटलंय, खांद्यावर सोनेरी झालर, क्लारनेट तेच. लग्नाच्या दोन-तीन चाली झाल्या, मग त्यानं हात वर केला आणि ती सुरू केली. पहिल्या चार सुरांत ओळखली. ती माझी. म्हणजे गोऱ्या क्लारनेटवाल्याची, विलायती नाचाच्या तबकडीवरली, पण कानानं ऐकून सूर न् सूर कागदावर उतरवला तो मी. हैदराबादला, निजामाच्या पलटणीच्या बराकीत, सहा महिने खपून.

पानवाल्याला विचारलं, ही चाल कुठली हो. म्हणाला, "ही व्हय? दत्तू मास्तरनं सोताच्या डोक्यानं बांधलीया. साऱ्या जिल्ह्यात म्हाईत हाय की."

चालीत एका जागी एकच तुकडा तीनदा येतो. तिथं वरातीतली पोरं तीनदा टाच आपटतात, धुरळा, शिट्ट्या. दत्तू डोळे मिटून मान हलवतो. जसं काय आईच्या पोटातून घेऊन आला.

घरी जेवण गेलं नाही. गिरजा म्हणाली, "कुणासंगं भांडून आलाव?" अजून भांडलो नाही.

ता. ३ फेब्रुवारी

लिहून ठेवतो, म्हणजे राग शिळा होणार नाही.

पोलीस ॲक्शननंतर पलटण मोडली तेव्हा मी तापानं दवाखान्यात. दत्तू, माझ्याच बँडातला दुसरा क्लारनेटवाला, खाटेजवळ येऊन म्हणाला, "तुझी वही म्या नेतो, जळकोटला तुझ्या आईच्या हातात देतो." त्या वहीत चौदा तबकड्यांवरली क्लारनेटची एकट्याची वादनं, मी उतरवलेली. माझी तीन वर्षं. आईकडं वही कधी पोचली नाही. ती जाईस्तोवर प्रत्येक पत्रात मी विचारायचो, ती दुसऱ्याकडून लिहवून घ्यायची, कुणी आलं न्हाई बाबा. मी हैदराबादलाच घड्याळाच्या दुकानात राहिलो. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा तिकडं मन लागेना, मागच्या दिवाळीला इथं येऊन घड्याळ-फोनो दुरुस्तीचं दुकान टाकलं. आणि इथं हा माझ्या वहीवर मास्तर होऊन बसलाय.

यापुढं या रोजनिशीत त्याचं नाव लिहिणार नाही. द. एवढंच पुरे.

तेरा तबकड्या पलटणीच्या होत्या, गेल्या. एक माझ्या ट्रंकेत राहिली. कडेला तडा आहे, पण वाजते. हीच ती चाल. पुन्हा उतरवणार, पुन्हा बोटात बसवणार आणि चार लोकांत द.चं तोंड बंद करणार. मग वही मागणार. मागणार म्हणजे त्यानं आणून द्यायची.

ता. ९ फेब्रु.

इमामभाईंकडं गेलो. त्यांचा बँड द.च्या खालोखाल. त्यांचा क्लारनेटवाला मागल्या साली वारला. म्हणालो, मी वाजवतो. ते ढोलाचं कातडं ताणत होते, वर बघून म्हणाले, "घड्याळ छोड के? कैकु?" म्हणालो, हौस. त्यांनी वारलेल्याचं क्लारनेट काढून दिलं. दोन चाव्या ढिल्या, बूच सडलेलं. दुरुस्त करतो.

दुपारी बारा ते तीन पेठ झोपते. ती वेळ माझी.

ता. १६ फेब्रु.

दुकानातल्या बेवारस फोनोला नवी स्प्रिंग घातली. सुया नाहीत. बराकीत लढाईच्या दिवसांत सुया मिळायच्या नाहीत तेव्हा आम्ही बाभळीचा काटा तासून लावायचो. तेच केलं. आवाज मवाळ येतो, पण येतो.

पद्धत तीच. वेगाचा स्क्रू पिळून तबकडी हळू करायची. हळू केली की सूर दीड सुरानं खाली जातात, ते मनात वर चढवून लिहायचे. दोन ठोके ऐकायचे, काटा उचलायचा, तोंडानं म्हणायचं, लिहायचं. मग पुन्हा. क्लारनेटला हात लावायचा नाही, आधी तोंडात बसलं पाहिजे. गोव्याचा बँडमास्तर म्हणायचा, जे गाता येत नाही ते फुंकू नको. कागदावर उभ्या रेघांनी घरं पाडतो. तो त्यांना बार म्हणायचा, आम्ही खण.

आज तीन खण झाले. गोरा अर्धे सूर गिळतो. गिळलेला सूर लिहायचा कसा हे दहा वर्षांपूर्वीही कळलं नव्हतं. नुसतं फुलीचं चिन्ह टाकतो.

ता. २० फेब्रु.

अकरा खण. ओठ सुजलाय. कागदावर सरळ दिसतं, पण वाजवताना सरळ वाजवलं की मेलं. पहिला सूर लांब, दुसरा आखूड, बैलगाडी उतारावर लागल्यासारखा हेलकावा. द.ला तो हेलकावा बराकीत येत नव्हता. परवा वरातीत येत होता. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

ता. २७ फेब्रु.

द. दुकानात आला. गजराचं घड्याळ घेऊन. एक गिऱ्हाईक बसलेलं होतं.

"सोपानराव, ऐकलं तुमी आलाव म्हणून. बरं झालं."

अहो-जाहो. बराकीत एका ताटात जेवायचो आणि आता सोपानराव.

म्हणालो, माझी वही.

"कसली वही?" चेहऱ्यावरची माशी हलली नाही. "घड्याळ मागं पडतंय जरा. बघून ठिवा."

गिऱ्हाईक बघत होतं. घड्याळ ठेवून घेतलं. मुडदा बशिवला त्याचा. कसली वही म्हणे.

ता. ५ मार्च

घड्याळ नीट करून दिलं. म्हणजे दिवसाला अर्धा तास मागं पडेल इतकं नीट.

ता. ८ मार्च

द.च्या बँडाची परांड्याची एस.टी. चुकली. नवरदेव पारावर बसून राहिला, शेवटी हलगीवर काढली वरात. सगळी पेठ हसत होती. मीही हसलो. पण एवढ्यानं काय होतंय. वाटीभर पाण्यानं वणवा विझत नाही. घड्याळ परत आलं तर नीट करून देईन, कारागिराची इज्जत जाते.

ता. ११ मार्च

आज विचित्र झालं. बार्शीहून सुयांची डबी आली. काटा काढून नवी पोलादी सुई लावली, उतरवलेलं ताडून बघायला तबकडी पहिल्यापासून लावली. आणि ती तीनदाची जागा आलीच नाही. गोऱ्यानं तुकडा एकदा घेतला आणि पुढं गेला.

वाटलं ऐकण्यात चूक. पुन्हा लावली. एकदाच. पाच वेळा लावली, पाचही वेळा एकदाच. मग सुई काढून बाभळीचा काटा लावला. तीनदा.

भिंग लावून तबकडी पाहिली. त्याच जागी तडा आडवा येतो. काटा मऊ, तड्याला अडून मागच्या चरीत पडतो, तेवढाच तुकडा पुन्हा, मग पुन्हा, टोक झिजलं की सुटतो. पोलादी सुई ओलांडून जाते. एका फेऱ्यात दोन ठोके. दोन फेरे जास्तीचे म्हणजे चार ठोके. एक अख्खा खण. माझ्या कागदावर तेहतीस खण आहेत. तबकडीवर बत्तीस.

गोऱ्यानं तीनदा कधी वाजवलंच नव्हतं. बाभळीच्या काट्यानं वाजवलं. आणि मी ते वहीत लिहिलं.

दुकान लवकर बंद केलं.

ता. १२ मार्च

काल एक गोष्ट लिहायची टाळली. आज लिहितो.

बराकीत द. मला म्हणाला होता, "सोपाना, ह्यात एक खण जास्ती हाय. समदी वादनं बत्तिसाची, हेच तेहतिसाचं कसं?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, आधी मोजायला शीक, मग क्लारनेट धर. अख्खी बराक हसली. वाद गोव्याच्या मास्तरकडं गेला. मी तबकडी लावून दाखवली. काटाच होता, तीनदा वाजलं. मास्तरनं द.ला आठ दिवस सगळ्या बँडाचं पितळ घासायला लावलं. जेवताना त्याचे हात काळे असायचे. मी त्याला मुनीमजी म्हणायचो, मोजता येत नाही म्हणून. ते नाव पलटण मोडेपर्यंत चाललं.

म्हणजे द. बरोबर होता.

असू दे. बरोबर होता म्हणून वही चोरायचा परवाना मिळतो का? आईनं दारात बसून वाट पाहिली त्याचं काय? चोर तो चोरच.

ता. १३ मार्च

सकाळी दाढी करताना सुचलं. हे तर सोन्याहून पिवळं झालं. द.नं वहीवरून दहा वर्षं चुकीचं वाजवलंय. त्याची सगळी मंडळी तेहतिसाची तालीम घेतलेली. दोन्ही बँड समोरासमोर आले, दोघांनी हीच चाल धरली, तर त्या जागी मी सरळ पुढं जाईन आणि तो दोन गिरक्या घेत बसेल. तिथून पुढं एक खण मागं. ढोल माझा, सूर त्याचा, सगळा कालवा. बहिऱ्यालाही कळेल कोण कोलमडलं. हसू आलं आणि वस्तरा लागला.

ता. २३ मार्च

देवानं हाक ऐकली. येरमाळ्याच्या पाटलांच्या मुलीचं लग्न, २८ एप्रिलला. मुलीकडून इमामभाईंचा बँड. मुलगा कळंबचा, त्यांच्याकडून द.

येरमाळ्याकडं रीत अशी: वऱ्हाड वेशीशी आलं की मुलीकडचा बँड आतून, मुलाकडचा बाहेरून वाजवतो. जो आधी थांबेल त्यानं बाजूला व्हायचं आणि दुसऱ्याच्या मागनं गावात शिरायचं. जिंकलेल्या मास्तरला मुलाचा बाप फेटा बांधतो. द. दहा वर्षांत एकदाही मागनं शिरला नाही म्हणतात. बघू.

ता. ६ एप्रिल

गिरजा येडेश्वरीच्या जत्रेहून आली. पालखीच्या रानातली चुनखडी तिथल्या रीतीप्रमाणे वेचून आणली, देव्हाऱ्यात ठेवली. म्हणाली, "तुमच्यासाठी पन मागितलं." काय मागितलं? "ह्यांचं डोस्कं शांत होऊ दे." मी म्हणालो, मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं काय मागायचं. ती म्हणाली, "म्हणून तर इचारलं न्हाई."

ता. १४ एप्रिल

तालीम. इमामभाईंचा हात त्या जागी तीनदा पडतोच. थांबवलं. म्हणालो, एकदा. पुन्हा तीनदा. म्हणाले, "आदत है मास्टर, दस साल से येइच सुन्रा मैं. अच्छा भी तो लगता." मी म्हणालो, अच्छं नाही, चूक आहे. का चूक ते सांगितलं नाही. वीस वेळा घेतलं. शेवटी बत्तिसात बसलं.

जाताना म्हणाले, "शादी में जा रे या लढाई पे?" मी क्लारनेट पेटीत घातलं.

ता. २६ एप्रिल

तयार आहे. डोळे मिटून, उलटं, सुलटं. गिळलेले सूरसुद्धा. इतकं चांगलं मी पलटणीतही वाजवलं नव्हतं. द.चं नाव काढलं की बोटं आपोआप पळतात. रागाला एवढी बरकत असते हे माहीत नव्हतं.

ता. २९ एप्रिल

काल येरमाळा. जसं झालं तसं लिहितो.

उन्हं कलली तेव्हा वऱ्हाड वेशीशी. आत आम्ही, बाहेर ते. पाचशे माणूस असेल. द.नं मला बघितलं, क्लारनेट कपाळाला लावून सलाम केला. मी केला नाही. दोन चाली इकडच्या, दोन तिकडच्या. कुणी थांबेना. मग त्यानं हात वर केला आणि तीच धरली. मीही धरली. पहिल्या सुरापासून एकत्र.

खरं सांगतो, सोळा खणांपर्यंत मी कुणाशी भांडतोय हे विसरलो होतो. दोन क्लारनेटं एका श्वासात. हेलकावा एक. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. बराकीत कधी असं वाजलं नव्हतं.

मग ती जागा आली. मी तुकडा एकदा घेतला आणि पुढं गेलो.

पाचशे टाचा तीनदा आपटल्या. पहिली माझ्याबरोबर, उरलेल्या दोन माझ्या विरोधात. वेशीच्या आतल्या, मुलीकडच्या, आमच्या बाजूच्या पोरांनीसुद्धा. आणि पाठीमागं इमामभाईंचा ढोल, धाड धाड धाड, तीनदा. वीस वेळा तालीम घेतलेला ढोल. सगळं गाव, दोन्ही बँड, एका जागी, आणि मी एकटा एक खण पुढं. बरोबर होतो. एकटाच बरोबर होतो. चार खण तसंच ओढत नेलं, मग श्वास तुटला. क्लारनेट खाली आलं.

इमामभाई मागनं म्हणाले, "माफ करो मास्टर. हात गया."

लोक हसले. फार नाही, पण हसले. कुणीतरी म्हणालं, "घड्याळवाल्याला मोजता येत न्हाई व्हय."

मुलाचा बाप फेटा घेऊन द.कडं गेला. द.नं त्याचा हात धरला. मोठ्यानं म्हणाला, "थांबा पाव्हणं. ही चाल माझी न्हाई. पलटणीत सोपानरावानं बसवलेली हाय, म्या त्येच्या वहीतनं शिकलो. बाकी समदं गोऱ्याचं, पन ती तीनदाची जागा हाय न्हवं, ती निव्वळ सोपानरावाची. फेटा त्येला बांधा."

लोकांनी मला ओढून पुढं नेलं, फेटा बांधला. पोरं खांद्यावर घ्यायला निघाली. दहा वर्षं जे ऐकायचं होतं ते द.च्या तोंडून, पाचशे लोकांत ऐकलं. आणि ते कशाबद्दल, तर तड्याबद्दल.

एक वाक्य बोलायचं होतं. ती जागा गोऱ्याची नाही, माझी नाही, बाभळीच्या काट्याची आहे, आणि तुमचा मास्तर दहा वर्षं तुम्हाला फुटक्या तबकडीवर नाचवतोय. तोंडाशी आलं होतं. पण मग ते लिहिणारा कोण, हेही आलं असतं. गिळलं. चोरानं चोरीचा माल परत केला आणि वाहवा पण त्यालाच मिळाली. घरी येईस्तोवर अंगाची आग आग झाली.

ता. ४ मे

द. दुकानात आला. एकटा. उपरण्यात बांधलेली वही माझ्यासमोर ठेवली. तीच, काळ्या पुठ्ठ्याची.

मी म्हणालो, कसली वही म्हणाला होतास ना.

"तवा दिली असती तर तू वाजवाय उभा राहिला असतास व्हय?" आता अरे-तुरे. "दुकानात घड्याळं उघडून बसला असतास."

आणि आईकडं का दिली नाहीस?

त्यानं उपरण्याची घडी घातली. मग म्हणाला, "जळकोटच्या फाट्यापत्तर गेलो हुतो. तितनं परत फिरलो. द्यावी वाटंना." एवढंच. माफी बिफी नाही. गजराच्या घड्याळाबद्दल म्हणाला, "चांगलं चालतंय आता, दुसरीकडनं नीट करून घेतलं." आणि गेला.

वही उघडली नाही. गिरजानं कपाटात ठेवली.

ता. ६ मे

उघडली. माझं अक्षर, निळी शाई. ती जागा काढली. खणाच्या वर मी लिहिलेलं: गोरा इथं तीनदा घेतो.

त्याच्याखाली समासात पेन्सिलीनं, पुसट, द.चं अक्षर. उर्दू शाळेत शिकलेल्याचं वेडंवाकडं मराठी: "तबकडीला तडा. काटा अडकतो. सोपानाला कळू द्यायचं न्हाई."

पेन्सिल जुनी आहे. बराकीतली असावी; चाल तोंडपाठ झाल्यावर मी ते पान पुन्हा उघडलं नव्हतं. पितळ घासून आलेल्या हाताचा काळा डागही आहे कोपऱ्यात, का तो नुसता मळ आहे, सांगता येत नाही.

ता. ८ मे

दोन दिवस दुकानात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाची बारीक स्प्रिंग तोडली.

म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून दहा वर्षं तीनदा वाजवलं, साऱ्या जिल्ह्याला नाचवलं. आणि माहीत असून वेशीत, पाचशे लोकांत, बोट दाखवून म्हणाला, ती जागा सोपानरावाची. बाकी काही माझं म्हणाला नाही. नेमकी तीच.

मला मान दिला, का माझी चूक माझ्याच डोक्याला फेटा म्हणून बांधली? कळायला मार्ग नाही. तो फेटा बांधत असताना द. हसत होता, पण कसं हसत होता ते आठवत नाही, मी खाली बघत होतो.

गिरजा म्हणते, "जाऊन इचारा की." विचारायचं नाही. विचारलं की मी ते पेन्सिलीचं वाचलं हे त्याला कळणार. आणि बदला असेल तर तो पुरा झाला असं त्याला वाटणार. तेवढं सुख मी त्याला द्यायचा नाही. मान असेल तर मात्र... असो.

उद्या जळकोटला लग्न. माझं गाव. मुलीकडून आम्ही, मुलाकडून पुन्हा द. जळकोटच्या लोकांनी येरमाळ्याचं ऐकलंय, म्हणून तीच चाल पाहिजे म्हणतात, सोपानरावाच्या जागेसकट. इमामभाई संध्याकाळी ढोल घेऊन दारात येऊन बसले. म्हणाले, "मास्टर, कल एक बार या तीन बार? अभी बोलो, मेरे हात को बताना पडता."

मी म्हणालो, वेशीत सांगतो.